वायपरची मोटर बदलण्याआधी एवढे तपासा

रोहिणी नक्षत्र लागले की आपली धांदल सुरू होते. बियाणे आणायचे, खताची जुळणी करायची, बांध घालून घ्यायचे, गोठ्यावरचे पत्रे बघायचे. या गडबडीत दारात उभी असलेली जुनी चारचाकी कुणाच्या ध्यानात राहत नाही. परतीचा पाऊस संपल्यापासून तिच्या वायपरचे बटण कुणी दाबलेले नसते. सात-आठ महिने ऊन आणि धूळ खाऊन बसलेला हा वायपर मृगाच्या पहिल्या सरीला एकदम कामाला लावला जातो, आणि नेमका तेव्हाच तो अर्ध्या काचेवर येऊन उभा राहतो. वेळ रात्रीची असते, मागे दुधाचे कॅन असतात, समोरच्या ट्रकचा उजेड ओल्या काचेवर फुटतो आणि रस्त्याची कड दिसेनाशी होते. कुंभार्ली किंवा आंबा घाटात हा प्रसंग आला तर काय होईल, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला जाते. तिथले उत्तर बहुधा ठरलेले, "मोटर गेली." मग नवी मोटर, नाहीतर भंगारातली जुनी मोटर बसते, पैसे जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. वस्तुस्थिती अशी की जुन्या गाडीचा वायपर मंद झाला किंवा थांबला तर बऱ्याच वेळा मोटर धडधाकट असते. दोष असतो तो गंजून घट्ट झालेल्या स्पिंडलमध्ये, झिजलेल्या प्लॅस्टिकच्या बुशमध्ये नाहीतर सैल पडलेल्या अर्थिंगमध्ये. यातले बहुतेक काम घरच्या घरी, पाना-पक्कड वापरून, अर्ध्या दिवसात होते.

शेतीच्या पानावर मोटारगाडीचा विषय कसा, असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, खेड्यातली जुनी चारचाकी हे आता शेतीचेच एक अवजार झाले आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, ओम्नी आणि टाटा सुमो २०१९ मध्ये बंद झाल्या. पण आपल्या वाड्यावस्त्यांवर या गाड्या अजून दूध, भाजी, बी-बियाणे आणि आजारी माणसे वाहतात. शिवाय निदानाची रीत पिकाला आणि यंत्राला एकच आहे. सोयाबीन पिवळे पडले की काहीजण लगेच युरियाची गोणी उचलतात. पण मुळाशी पाणी साचले असेल, किंवा जमीन चुनखडीची असून पिकाला लोह मिळत नसेल, तर त्या युरियाचा काय उपयोग? आधी मूळ उपटून बघायचे, मग खर्च करायचा. वायपरचेही तसेच.

यंत्रणा कशी चालते

नमुना म्हणून मारुती ८०० घेऊ. इतर जुन्या गाड्यांत जागा बदलते, तत्त्व तेच. बॉनेट उघडले की काचेच्या बाजूच्या आडव्या पत्र्यावर मुठीएवढी मोटर दिसते. ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. तिच्या पोटात एक आटे पाडलेला दांडा आणि त्याला लागून एक दातेरी चाक असते, त्यामुळे मोटरचा वेग कमी होतो आणि जोर वाढतो. चाकाच्या बाहेर आलेल्या टोकाला एक छोटी क्रँक असते. तिला पट्टीचे दांडे, म्हणजे लिंक, जोडलेले असतात. हे दांडे काचेखालच्या पोकळ पत्र्यातून जाऊन दोन स्पिंडलना मागे-पुढे फिरवतात. स्पिंडलचे टोक पत्र्यातून वर येते, त्यावर वायपरचा आर्म नटाने बसतो आणि आर्मला ब्लेड. मोटर गोल फिरते, ब्लेड मात्र डावी-उजवीकडे झुलते, ते या लिंकमुळे.

म्हणजे वीज येण्याच्या वाटेवर फ्यूज, स्विच, वायरी आणि अर्थिंग. आणि जोर जाण्याच्या वाटेवर क्रँक, लिंक, बुश, स्पिंडल आणि आर्म. मोटर या दोन वाटांच्या मध्ये बसली आहे. म्हणून वरच्या वाटेचा दोष असो की खालच्या, नाव तिचेच खराब होते.

आधी कान द्या, मग हात लावा

काच पाण्याने चांगली ओली करा. कोरड्या काचेवर वायपर कधीही चालवून बघू नये, धुळीचे खडे काचेवर कायमचे चरे पाडतात. इंजिन चालू ठेवून वायपरचे बटण सावकाश गतीवर टाका. एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून मोटरजवळ कान द्यावा.

मोटर गुणगुणते आहे, पण दोन्ही ब्लेड हलत नाहीत, असे असेल तर वीज ठीक आहे. क्रँकचा नट सुटला आहे, लिंक बुशमधून निसटली आहे किंवा आतल्या चाकाचे दाते गेले आहेत. एकच ब्लेड हलते आणि दुसरे पडून आहे, तर मोटरचा विषयच संपला. त्या बाजूची लिंक किंवा आर्मचा नट बघा. मोटरचा आवाजच नाही, तर विजेची वाट तपासा. आणि आवाज येतो पण दबका, कण्हल्यासारखा, ब्लेड रडतखडत चालते, तर पुढे सांगितलेली स्पिंडलची तपासणी अगोदर करा.

घड्याळ लावून फेऱ्या मोजाव्यात. ब्लेड एकदा जाऊन परत आले की एक फेरी. ओल्या काचेवर सावकाश गतीत मिनिटाला साधारण चाळीस-पंचेचाळीस फेऱ्या आणि जलद गतीत साठच्या आसपास झाल्या तर प्रकृती ठीक समजावी. सावकाश गतीत पंचवीस-तीसच भरत असतील तर कुठेतरी अडकाव आहे. हा आकडा वहीत लिहून ठेवा, म्हणजे दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही ते कळेल.

मोटर गप्प असेल तर

पहिली गोष्ट फ्यूज. तो डॅशबोर्डखाली चालकाच्या बाजूला फ्यूजच्या डबीत असतो. डबीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा हे दिलेले असते. फ्यूजची तार अखंड दिसली तरी पायांवर हिरवट-पांढरी बुरशी धरलेली असते. तो काढून पाय पॉलिश पेपरने घासून परत बसवा. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. पुन्हा जळाला तर थांबा, कारण कुठेतरी वायर पत्र्याला लागते आहे किंवा मोटर जाम आहे. अशा वेळी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तारेचा तुकडा लावून काम चालवणारे महाभाग आहेत. विहिरीवरच्या पेटीत फ्यूजच्या जागी जाड तार घालून पंपाची मोटर जाळलेली उदाहरणे आपण कमी पाहिली नाहीत. इथेही तेच होते, फक्त इथे जळणारी वायर आपल्या पायाशी असते.

दुसरी गोष्ट, टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, होल्डर आणि दोन हात-हातभर वायरी एवढ्यात तो तयार होतो. किल्ली चालू करून वायपरचे बटण टाका. बल्बची एक वायर बॅटरीच्या ऋण टोकाला लावा आणि दुसरी मोटरच्या कनेक्टरमधल्या एकेका पिनला टेकवून बघा. सावकाश आणि जलद, दोन्ही गतींवर बल्ब आळीपाळीने वेगळ्या पिनवर पेटला, तर वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे. कुठेच पेटला नाही तर दोष अलीकडे, म्हणजे स्विचमध्ये किंवा वायरीत आहे. स्टिअरिंगखालच्या स्विचची आतली पितळी पाने झिजली असतील तर घासून फार दिवस चालत नाहीत. तिथे नवा स्विच घेणे बरे. (ही बल्बची रीत जुन्या साध्या गाड्यांपुरतीच. एअरबॅग आणि संगणक असलेल्या नव्या गाड्यांच्या वायरीत बल्ब खुपसू नये.)

तिसरी गोष्ट अर्थिंगची, आणि इथे पुष्कळजण फसतात. वीज मोटरपर्यंत आली तरी तिला परत जायला वाट हवी. ती वाट म्हणजे मोटरच्या अंगापासून गाडीच्या पत्र्यापर्यंतची काळी वायर, किंवा मोटर आवळणारे बोल्ट. मोटर रबरी चकत्यांवर बसवलेली असते, त्यामुळे या वायरीचा स्क्रू गंजला की परतीची वाट बंद किंवा अरुंद होते. तपासणी अगदी सोपी आहे. एक जाड वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे मोटरच्या घासून साफ केलेल्या धातूला घट्ट धरा. बटण टाका. आतापर्यंत गप्प असलेली किंवा रेंगाळणारी मोटर सटासट चालू लागली, तर मोटरला हात लावायचे कारण नाही. अर्थिंगचा स्क्रू काढा, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासा, नवा वायसर घालून आवळा आणि वरून थोडे ग्रीस चोपडा. मल्टिमीटर असणाऱ्यांनी मोटर चालू असताना तिच्या अंगावर आणि बॅटरीच्या ऋण खांबावर टोके ठेवून बघावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब समजावे.

वीज आहे, अर्थिंग आहे, तरी मोटर गप्प? बटण चालू ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या अंगावर हलकेच टकटक करा. तेवढ्याने सुरू झाली तर आतले कार्बन झिजले आहेत. टकटक म्हणजे टकटकच. आत चुंबक असते, हातोडीने ठोकले तर त्याचे तुकडे होतात.

मंद वायपर: खरा चोर स्पिंडल

आता मुख्य मुद्दा. जुन्या गाडीचा वायपर दरवर्षी थोडा थोडा मंद होत गेला असेल, आधी जलद गती सावकाश वाटू लागली आणि मग सावकाश गती थांबू लागली, तर संशय स्पिंडलवर घ्यावा. स्पिंडल म्हणजे बोटाएवढी लोखंडी दांडी. ती मिश्रधातूच्या नळीत फिरते. कारखान्यात घातलेले ग्रीस पंधरा-वीस वर्षांत वाळून मेणासारखे घट्ट होते. वरची रबरी रिंग तडकते आणि पावसाचे पाणी, धूळ नळीत उतरते. लोखंडाला गंज चढतो, नळीच्या आत पांढरी भुकटी धरते आणि दांडी हळूहळू आवळली जाते. यातच काचेखालच्या जाळीतून कडुलिंबाचा, चिंचेचा पाला आत पडतो, पाणी जायची भोके बुजतात, आणि लिंक व स्पिंडल चिखलात बसून राहतात. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

स्पिंडल घट्ट झाला की मोटरला जास्त जोर लावावा लागतो. तिचा वेग पडतो, वेग पडला की ती जास्त वीज ओढते, जास्त वीज म्हणजे जास्त उष्णता. विहिरीत गाळाने अडकलेला पंप जसा गरम होऊन जळतो, तशीच ही मोटरही एक दिवस खरोखरच जळते. मग नवी बसते. स्पिंडल तोच, घट्ट. नवी मोटर ताकदीची असल्यामुळे एक पावसाळा ओढून नेते, आणि मालकाला वाटते की मोटर बदलल्याने काम झाले.

आमच्या फिरतीच्या भागातल्या एका दूध संकलनाच्या जुन्या ओम्नीची हकीकत यासाठी सांगण्यासारखी आहे. दोन पावसाळ्यांत तिच्या दोन मोटारी बदलल्या गेल्या. तिसऱ्या खेपेला वायपर अडकला तेव्हा चालकाने स्वतःच लिंक सोडवून बघितली. डावीकडचा स्पिंडल पक्कडीने धरूनही फिरेना. तो काढला, साफ केला, ग्रीस घालून बसवला. नंतर गंमत म्हणून पहिली, 'गेलेली' म्हणून पोत्यात टाकलेली मोटर जोडून पाहिली, तर तीही चालली. दोन मोटारींचा खर्च एका चमचाभर ग्रीसअभावी झाला होता.

तपासणी अशी करावी. आधी वायपर बटणाने बंद करून त्याच्या मूळ जागी येऊ द्या. मग किल्ली काढा आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवा. हे विसरू नका, कारण चालू लिंकमध्ये बोट सापडले तर कडबाकुट्टीत सापडल्यासारखेच. क्रँक मोटरच्या दांड्यावर कशी उभी आहे ते खडूने खूण करून ठेवा आणि नट काढून क्रँक वेगळी करा. आता बॅटरी जोडून मोकळी मोटर चालवा. ती दोन्ही गतींवर झपाझप फिरली तर ती निर्दोष आहे. बटण बंद करून तिला मूळ जागी थांबू द्या, पुन्हा बॅटरी सोडवा आणि ब्लेड काचेवरून उचलून लिंक हाताने हलवून बघा. दोन्ही आर्म सहज, एका बोटाने हलले पाहिजेत. अडत असतील तर प्रत्येक स्पिंडलची लिंक वेगळी करून कोणता घट्ट आहे ते ठरवा. क्रँक जोडलेली असताना मात्र आर्म हाताने ओढून बघू नका. आतले आटे उलट फिरत नाहीत, दाते किंवा बुश तुटेल.

स्पिंडल साफ करण्यासाठी आर्म काढावा लागतो. आर्म कुठे बसला होता तिथे काचेवर चिकटपट्टीची खूण करा. टोपी उचलून दहा किंवा बारा नंबरच्या पान्याने नट काढा. आर्म दातांवर घट्ट बसलेला असतो. काचेला टेकवून स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला जाल तर काच तडकेल आणि शंभराच्या कामाला हजारो लागतील. गंज सोडवणारे तेल टाका, अर्धा तास थांबा, आर्म डावी-उजवीकडे हलवत वर घ्या. तरीही आला नाही तर बॅटरीचे टर्मिनल काढायचा छोटा पुलर वापरा. मग पत्र्यावरचा मोठा नट काढून स्पिंडल लिंकसकट खाली घ्या. वरचे लॉक आणि वायसर कोणत्या क्रमाने होते ते ध्यानात ठेवा.

दांडी नळीतून निघत नसेल तर तेलात रात्रभर भिजू द्या आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून हळूहळू ठोका. निघाली की रॉकेल किंवा डिझेलने धुवा, गंज बारीक पॉलिश पेपरने उतरवा, नळी आतून चिंधीने साफ करा. दोन्ही पूर्ण कोरडे करून बेअरिंगला वापरतो ते लिथियम ग्रीस लावा. ट्रॅक्टरच्या ग्रीसगनमधले चालेल. नवी रबरी रिंग घाला, जुनीवर भरवसा ठेवू नका. दांडी नळीत डगडगत असेल, म्हणजे झीज झालेली असेल, तर मात्र स्पिंडलचा नवा संच घ्यावा. तोही मोटरपेक्षा स्वस्तच पडतो.

काहीजण काहीच न खोलता वरून गंजाचे तेल फवारतात. त्याने त्या दिवशी वायपर चालतो आणि आठवड्याभरात पुन्हा आवळतो. हे तेल पातळ असते, उरलेसुरले ग्रीसही धुऊन नेते. वाटेत अडलात तर जरूर वापरा, पण घरी आल्यावर वरचे काम केलेच पाहिजे.

लिंक निसटणे आणि इतर किरकोळ आजार

लिंकच्या टोकाला गोटीसारखी मूठ आणि तिच्यावर दाबून बसणारा प्लॅस्टिकचा बुश असतो. उन्हाने आणि झिजेने बुश सैल पडला की जोराच्या पावसात, म्हणजे नको तेव्हा, लिंक निसटते. निसटण्याआधी तो 'खट्-खट्' आवाज करून इशारा देतो आणि ब्लेड काचेच्या कडेला जाऊन आपटू लागते. बुश दुकानात सुटा मिळतो; मोठ्या पक्कडीने दाबून बसवता येतो. सुटा मिळाला नाही तर लिंकच बदलावी. तारेने बांधणे हा घरी पोहोचण्यापुरता उपाय आहे.

बटण बंद केल्यावर वायपर आहे तिथेच, काचेच्या मध्यावर थांबत असेल, तर मोटरच्या गिअरच्या झाकणाखाली तांब्याची चकती आणि तिच्यावर टेकणारी पितळी पाने असतात, ती खराब झाली आहेत. वायपर मूळ जागी येईपर्यंत बटण बंद असतानाही वीज देत राहण्याचे काम ही चकती करते. झाकणाचे स्क्रू काढा, वाळलेले ग्रीस लाकडी काडीने खरवडा, चकती पेट्रोलने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा (उघड्यावर, आणि बिडी-काडी दूर ठेवून), पाने किंचित वाकवून चकतीवर नीट टेकतील अशी करा. दात्यांना नवे ग्रीस लावा, पण चकतीवर ते येऊ देऊ नका.

कार्बन बदलायचे असतील तर मोटर पूर्ण उघडावी लागते. ज्याने पूर्वी पंपाची किंवा पंख्याची मोटर उघडली आहे त्यानेच हे करावे. कार्बन निम्म्याहून कमी राहिले असतील तर बदला. ज्यावर ते घासतात तो तांब्याचा भाग काचपेपरने हलकेच साफ करा आणि फटींत अडकलेली काळी पूड काडीने काढा. एमरी पेपर तिथे वापरू नये, त्याचे कण फटीत राहून शॉर्ट होतो.

सगळे जोडताना क्रँक खडूच्या खुणेवरच बसली पाहिजे. एका बाजूला चुकली तर ब्लेड एकमेकांत अडकतात किंवा काचेबाहेर जातात. शंका असेल तर आर्म न बसवता मोटर चालवून बंद करा, ती मूळ जागी थांबली की मगच आर्म चिकटपट्टीच्या खुणेवर बसवा.

ब्लेडबद्दल थोडे. रबर उन्हाने कडक होते, ते वर्षाला बदलावे. ब्लेड थरथरत चालते आणि पट्टे सोडते तेव्हा आधी काच साबणाने धुऊन बघा. गाड्यांच्या धुराचा तेलकट थर काचेवर चढतो. तरीही थरथरले तर आर्म किंचित पिळलेला असतो, ब्लेड काचेच्या मध्यावर असताना काटकोनात उभे दिसले पाहिजे. रबर मऊ करायला रॉकेल, डिझेल लावू नका, त्याने ते फुगते.

बिल मंजूर करणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायत, सोसायटी किंवा दूध संस्थेच्या गाडीचे 'वायपर मोटर बदलली' असे बिल समोर आले तर सरपंच, सचिवांनी दोनच प्रश्न विचारावेत. मोटर लिंकपासून वेगळी करून चालवून पाहिली होती का? आणि काढलेली जुनी मोटर कुठे आहे? जुना भाग परत मागणे हा काही मेकॅनिकचा अपमान नव्हे. चांगला मेकॅनिक तो आपणहून आणून दाखवतो.

चालू स्थितीतला, विजेवर चालणारा वायपर ही केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०१ ची अट आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते, त्या तपासणीतही तो पाहिला जातो. सुरुवातीला मात्र हा वायपर हाताने फिरवायचा असे. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली त्याचे पेटंट घेतले. त्याआधी काही वर्षे त्या कॅलिफोर्नियात द्राक्षबाग आणि गुरांचा मळा सांभाळत होत्या, म्हणजे आपल्यातल्याच म्हणायच्या.

भर पावसात वायपर बंद पडलाच तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या आणि चारही इंडिकेटर लावा. काचेवर तंबाखू किंवा चिरलेला बटाटा चोळायची चालकांची जुनी युक्ती आहे. त्याने पाण्याचे थेंब न साचता पातळ पडदा होतो, दिवसा हळू चालवत गावापर्यंत जाता येते. रात्री आणि घाटात तिच्यावर विसंबू नये. लिंक निसटली असेल आणि बुश एकच शाबूत असेल, तर तो चालकाच्या बाजूला लावायचा; दुसऱ्या बाजूचा आर्म काढून ठेवायचा, म्हणजे तो चालू ब्लेडमध्ये अडकणार नाही. त्यासाठी गाडीत दहा आणि बारा नंबरचा पाना, पक्कड, योग्य अँपिअरचे दोन फ्यूज, हातभर बांधायची तार आणि एक सुटा बुश एवढे एका पिशवीत घालून चालकाच्या सीटखाली ठेवा. डिकीत ठेवले तर कॅनच्या खाली जाते.